गुरुवारी जेल ठेवणार आहेत. कळा सोसायच्या की पाठीतलं इंजेक्शन घ्यायचं?

सायलीची_वेल | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण, वय २९, नाशिक. आज ४० आठवडे ४ दिवस झाले आणि कळांचा पत्ता नाही. आजच्या सोनोग्राफीत पाणी थोडं कमी दिसलं म्हणून मॅडम म्हणाल्या आता थांबायला नको, गुरुवारी सकाळी ७ ला ॲडमिट व्हा, आधी कळा सुरू करायला आतून जेल ठेवू, गरज पडली तर मग सलाईनमधून कळांचं औषध. आणि मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा विचारलं, एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन, हवं का ते ठरवून या. मागे पुढची पेशंट उभी होती, मी नुसती मान हलवली आणि बाहेर आले.

घरी आल्यापासून डोकं फिरलंय. आई म्हणते पाठीत सुई घेतलीस तर जन्मभर कंबर धरून बसशील. जाऊबाईंनी पुण्यात घेतलं होतं, त्या म्हणतात डोळे मिटून घे. सासूबाई म्हणाल्या तुझ्या अंगाला झेपेल तसं कर. नवरा म्हणतो तू म्हणशील ते.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. औषध देऊन आणलेल्या कळा जास्त दुखतात हे खरं आहे का? एपिड्युरल घेतलं की सिझर होतं हे खरं का? आणि काहीच न घेणं आणि एपिड्युरल यांच्या मधलं काही असतं का? बॅग भरून झालीये, झोप येत नाहीये.

तिखटमीठ | रात्री ११:१८

घे. बाकीचा विचार नंतर.

ओली_वाळू | रात्री ११:४६

सायली, तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे दोन्ही बाजूंचं उत्तर आहे. मोठीच्या वेळी कळा आपोआप आल्या. आधी कंबरेत बारीक ओढ, मग दर अर्ध्या तासाने, मग दहा मिनिटांनी, म्हणजे पाऊस कसा वाढत जातो तशा वाढल्या आणि अंगाला सवय व्हायला वेळ मिळाला. धाकट्याच्या वेळी माझी शुगर वाढलेली म्हणून ३९ व्या आठवड्यात सलाईन लावलं. तेव्हा सकाळी मी पोहे खाऊन गप्पा मारत होते आणि दुपारी दोन कळांच्या मधे पाणी प्यायची उसंत नव्हती. सिस्टर दर अर्ध्या तासाने येऊन नळीवरचं ते चाक थोडं पुढे सरकवायच्या आणि थोड्या वेळाने पोटाला कळायचंच. मी त्या चेंबरमधले थेंब मोजत बसायचे.

दुखण्यावर एक इंजेक्शन दिलं, ट्रॅमाडॉल. दुखायचं थांबलं नाही पण मधल्या मधे डुलकी लागायला लागली, आणि दोनदा उलटी झाली. आमच्याकडे रत्नागिरीत त्या हॉस्पिटलला एपिड्युरलची सोयच नव्हती तेव्हा प्रश्नच आला नाही. असती तर धाकट्याच्या वेळी घेतलं असतं, मोठीच्या वेळी नसतं घेतलं. एकाच बाईची दोन बाळंतपणं इतकी वेगळी असतात.

निवृत्त_सिस्टर | बुधवार, सकाळी ५:५२

पोरी, मी ३१ वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये काढली. तुझ्या आईला सांग कंबर दुखते ती बाळंतपणानंतर वाकून वाकून लेकराला पाजण्याने आणि उचलण्याने, सुई न घेतलेल्यांचीही दुखतेच. पण माझं मत विचारशील तर पहिलटकरणीने एपिड्युरलची घाई करू नये. बाईला कळ कळलीच नाही तर ती जोर कुठे देणार? शेवटी बाळ ओढून काढायला चिमटा नाहीतर व्हॅक्युम लावावा लागतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

जेल ठेवल्यावर अर्धा तास पडून राहावं लागतं, बाळाचे ठोके बघतात, त्यानंतर पडून राहू नकोस. चाल. दर दोन तासांनी लघवीला जा, भरलेली पिशवी बाळाला खाली येऊ देत नाही आणि कळ दुप्पट लागते, हे कुणी सांगत नाही. कंबरेच्या खाली माकडहाडाच्या वर तळहाताने दाबून धरायला एक माणूस हवं. चोळायचं नाही, दाबून धरायचं. कळ उतरली की सोडायचं. आणि गर्भाशयाचं तोंड उघडायचं इंजेक्शन देतात त्यानेही सुटका लवकर होते.

लीड्सवाली | सकाळी १०:३०

इथे इंग्लंडमध्ये माझी सगळी शिडीच चढून झालीये म्हणून लिहिते. ४१ आठवडे उलटल्यावर मला जेलऐवजी दोरी असलेली चपटी पट्टी ठेवली, तेच औषध, २४ तासांत हळूहळू सुटतं. तो अख्खा दिवस पाळीच्या वेळी दुखतं तसं पण जरा जास्त. पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याचा टब, बस. इथल्या मिडवाइफने आधीच स्पष्ट सांगितलेलं की इंडक्शनमध्ये, म्हणजे औषधाने कळा आणताना, जास्त दुखू शकतं, इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय की बाईला हे आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी सलाईन सुरू झालं तेव्हा गॅस. अर्धा नायट्रस ऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन, नळी आपल्याच हातात. यातली मेख ही की कळ शिखरावर पोचल्यावर ओढून उपयोग नाही, चढायला लागली की लगेच ओढायला लागायचं कारण असर व्हायला अर्धा-पाऊण मिनिट जातं. मला पहिल्या चार-पाच कळा हे जमलंच नाही, मग मिडवाइफने माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिला कळ हाताला लागली की ती म्हणायची नाऊ. तिथून जमलं. दुखणं जात नाही, पण दूर कुठेतरी दुखतंय असं वाटतं. सहा तासांनी तेही पुरेना तेव्हा एपिड्युरल घेतलं आणि दोन तास झोपले.

भारतात गॅस मिळतो का ग? माझ्या बहिणीला सोलापूरला विचारलं तर त्यांना माहितीच नव्हतं.

तिखटमीठ | सकाळी १०:४१

पुण्या-मुंबईत काही ठिकाणी आहे. पण सायली, ‘आहे का’ एवढंच विचारू नको, ‘शुक्रवारी पहाटे तीनला मिळेल का’ असं विचार. माझ्या वेळी फाइलवर पहिल्या पानावर लिहिलेलं, पेशंटला एपिड्युरल हवे. पैशांचंही बोलणं झालेलं. आणि तोंड चार सेंटिमीटर उघडल्यावर मी मागितलं तेव्हा कळलं की भूलवाले डॉक्टर बाहेरून येतात आणि ते दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशनला उभे आहेत. आले तेव्हा मी आठ सेंटिमीटर. त्या चार तासांत मी फक्त दाराकडे बघत होते. कळा सोसल्या असत्या ग, पण आत्ता येतील आत्ता येतील करत सोसणं फार वाईट. काल एका ओळीत ‘घे’ लिहिलं त्याच्यामागे हे आहे.

सप्तपदी | सकाळी ११:१५

तिखटमीठ, तुझा राग कळतो, पण ‘घे, विचार नंतर’ हे मला पटत नाही. मी इंडक्शनमध्ये काही घेतलं नाही. फुगा लावलेला, म्हणजे नळीच्या टोकाला फुगा, तो आत ठेवून पाण्याने फुगवतात आणि तोंड तीनेक सेंटिमीटर उघडलं की आपोआप गळून पडतो. मग पाणमोट फोडली, सलाईन लागलं, सात तासांत मुलगा झाला. मोठ्या चेंडूवर बसून हलत राहिले, माझी आई सिस्टरांनी सांगितलं तसं कंबर दाबत होती. दुखलं, खूप दुखलं, पण मला ते झेपत होतं आणि मला चालायचं होतं. मला ते बाळंतपण आठवलं की अजून छान वाटतं. तर न घेणंही एक निवड आहे, तिला मागासलेपण म्हणू नये.

तिखटमीठ | सकाळी ११:२२

मागासलेपण मी म्हटलंच नाही. पण तुझी आई आत होती. मला एकटीला ठेवलेलं, नवऱ्याला बाहेर.

सप्तपदी | सकाळी ११:२५

हे वाचून वाईट वाटलं ग. खरंय, आई नसती तर मीही मागितलं असतं.

भूलवाली_डॉक्टर | दुपारी २:४०

ओपीडी संपवून बसलेय, जरा लांब लिहिते. मी भूलतज्ज्ञ, कोल्हापूर.

सायली, पहिला प्रश्न. हो, बहुतेकींना जास्त दुखतं. ओली_वाळूने लिहिलंय तेच कारण, कळा हळूहळू वाढायला जो वेळ मिळतो तो मिळत नाही. सलाईनमधलं ऑक्सिटोसिन आपण वाढवत नेतो ते १० मिनिटांत ३-४ कळा येईपर्यंत. पाचपेक्षा जास्त यायला लागल्या तर कमी करायचं, तेव्हा मधे उसंतच मिळत नसेल तर गप्प बसायचं नाही, सिस्टरला सांगायचं. बाळालाही ती उसंत लागते.

दुसरा प्रश्न, सिझर. नाही. नेमक्या तुझ्यासारख्या, म्हणजे पहिलटकरीण आणि कळा औषधाने आणलेल्या, अशा बायकांवर शिकागोत अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. लवकर दिलं काय किंवा उशिरा दिलं काय, सिझरचं प्रमाण वाढलं नाही. आणि कोक्रेन म्हणून संस्था आहे, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०१८ च्या आढाव्यात ४० अभ्यास, ११ हजारांवर बायका, त्यातही एपिड्युरलमुळे सिझर वाढलेलं नाही आणि जन्मभराची कंबरदुखीही नाही. आईंना वाचून दाखव.

सिस्टर, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय ते खोटं नाही. पूर्वी औषधाची तीव्रता जास्त असायची, पायच उचलत नसत, मग चिमटा लागायचा. आता बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध अगदी पातळ करून त्यात थोडं फेंटॅनिल घालतो. कळ बोथट होते, पण दाब कळतो, पाय हलतात. त्याच आढाव्यात २००५ नंतरचे अभ्यास वेगळे काढले तर चिमटा-व्हॅक्युमचा फरक राहत नाही. जोर द्यायचा टप्पा मात्र लांबू शकतो, ते मान्य.

आणि तोंड उघडायच्या इंजेक्शनांबद्दल. ड्रोटिन, बस्कोपॅन ही स्नायू सैल करणारी औषधं, दुखणं मारणारी नव्हेत. बायकांना वाटतं दुखण्यावर दिलं, आणि तरी दुखतंय म्हणजे आपणच नाजूक. तसं नाही, त्यांना दुखण्यावर काही दिलेलंच नसतं.

आता तोटे, कारण तेही तुला माहीत हवेत. बीपी उतरू शकतं म्हणून सलाईन आणि सतत बीपी मोजणं, अंगाला खाज, थंडी वाजल्यासारखी थरथर, कधी ताप, लघवी आपणहून होत नाही म्हणून नळी. ब्रिटनच्या प्रसूती-भूलतज्ज्ञांचं एक कार्ड आहे, त्यात साधारण ८ जणींत १ ला ते पुरेसं लागू पडत नाही आणि १०० त १ ला डोकं भयंकर दुखतं असे आकडे दिलेत. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार कमी असतील, रक्त पातळ करायची हेपरिनसारखी इंजेक्शनं चालू असतील तर नाही देता येत किंवा वेळ मोजून द्यावं लागतं. इकोस्प्रिनची (ॲस्पिरिनची) साधी गोळी चालू होती म्हणून कुणी नाही म्हणत असेल तर पुन्हा विचारा, तेवढ्याने अडत नाही.

मधले पर्याय: ट्रॅमाडॉल किंवा पेथिडीनचं इंजेक्शन, गॅस, कोमट पाणी, सिस्टरांचा तो हात. पेथिडीन बाळंत व्हायच्या जरा आधी दिलं तर बाळ सुस्त जन्मू शकतं, म्हणून वेळ बघून देतात.

‘आधी बघते कसं जमतंय’ म्हणालीस तरी चालेल. पण मग आजच मॅडमना फोन करून एवढं विचार: भूलतज्ज्ञ २४ तास तिथेच असतात की बोलावल्यावर येतात, यायला किती वेळ लागतो, आणि रक्ताचे रिपोर्ट आधीच फाइलला लावून ठेवता येतील का. इंडक्शनला हा एक फायदा आहे की तारीख-वेळ माहीत असते, आधी कळवून ठेवता येतं.

निवृत्त_सिस्टर | दुपारी ३:२०

डॉक्टरबाई, तुमचं म्हणणं मानते. मी २०११ ला निवृत्त झाले, पातळ औषधाचं मला ठाऊक नाही, आमच्याकडे भूलवाले डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे तेही सिझरसाठी. पण लघवीचं माझं म्हणणं सोडत नाही.

भूलवाली_डॉक्टर | दुपारी ३:२४

ते सोडूच नका सिस्टर, शंभर टक्के बरोबर.

रानजाई | दुपारी ४:०५

ती १०० तली १ मी. सुई एक पडदा पुढे गेली आणि दुसऱ्या दिवशी उठून बसले की डोकं फुटेल असं वाटायचं, आडवं पडलं की थांबायचं. दोन दिवस बाळाला आडवं पडूनच पाजलं. मग माझ्याच हातातलं रक्त काढून पाठीत त्याच जागी सोडलं, त्याला पॅच म्हणतात, आणि अक्षरशः तासाभरात मी उठून चहा प्यायले. घाबरवायला लिहीत नाहीये. दुसऱ्या वेळीही मी एपिड्युरलच घेतलं. फक्त असं डोकं दुखलं तर ‘बाळंतिणीला वारं लागलं’ म्हणून घरी कानाला फडकं बांधून बसू नका, हॉस्पिटलला फोन करा.

विहंग_प | सायंकाळी ६:१५

पुरुषांनी इथे लिहावं की नाही माहीत नाही पण लिहितो. सरकारी दवाखान्यातसुद्धा आता बाळंतिणीसोबत एक माणूस आत राहू द्यावं असं धोरण आहे, केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ते आहे. तिथे ते माणूस बाईच लागतं बहुतेक, कारण खोलीत बाकीच्याही बायका असतात. खाजगीत नवऱ्याला सोडतात, पण आधी विचारावं लागतं. मी विचारलं, मला आत सोडलं. बायकोने आधीच सांगून ठेवलेलं की मी ‘पुरे’ म्हटलं तर मला पटवत बसू नकोस, सरळ सिस्टरला बोलाव. मला वाटतं हे एक वाक्य आधी ठरलेलं असणं फार महत्त्वाचं. कळ चालू असताना तिला वाद घालता येत नाही.

ओली_वाळू | सायंकाळी ६:३०

सायली, नवरा ‘तू म्हणशील ते’ म्हणालाय ना, ते लेखी घेऊन ठेव. बारशाला नाव ठरवताना कामाला येईल :)

लीड्सवाली | सायंकाळी ६:५०

हाहा, खरंच.

बाकी कुणी ‘कळा सोसल्याशिवाय आई होत नाही’ म्हणालं तर सांगायला एक गोष्ट. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं, डॉ. जॉन स्नो यांनी दिलं. आठवं! सात सोसून झाल्यावर घेतलं आणि डायरीत त्याची स्तुती लिहून ठेवली. त्याआधी तिथेही लोक हेच म्हणायचे.

सप्तपदी | सायंकाळी ७:०२

आणि डिंकाचे लाडू बॅगेत टाक, पण ते नंतरसाठी. आधी खायला-प्यायला काय चालेल ते मॅडमना विचार, ठिकाणाप्रमाणे वेगळं सांगतात.

सायलीची_वेल | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, डोळे भरून आले वाचताना. मॅडमना फोन केला. भूलतज्ज्ञ तिथे राहत नाहीत, बोलावल्यावर अर्ध्या-पाऊण तासात येतात, एकाच वेळी दोन केस आल्या तर जास्त. प्लेटलेटचा रिपोर्ट फाइलला लावला. मी ठरवलंय की जेलच्या वेळी काही नाही, सलाईन लागलं की त्यांना निरोप द्यायचा, आणि मी ‘पुरे’ म्हटलं की नवऱ्याने वाद घालायचा नाही. आईला कोक्रेनचं वाचून दाखवलं. ती म्हणाली मला कंबर दाबायला शिकव.

सायलीची_वेल | रविवार, दुपारी १:१५

मुलगी झाली! शुक्रवारी संध्याकाळी, २ किलो ९००. दोघी ठीक.

झालं ते सांगते. गुरुवारी सकाळी पहिलं जेल, काहीच नाही. दुपारी दुसरं, मग रात्रभर कंबर आणि पोटात पिळवटून यायचं पण कळा नव्हेत. आईने दाबलं, दोनदा गरम पाण्याने अंघोळ केली, एवढ्यावर रात्र निघाली, मधे झोपही लागली. शुक्रवारी सकाळी ३ सेंटिमीटर, पाणमोट फोडली, ९ ला सलाईन. ओली_वाळू, तू लिहिलेलं ते चाक मी बघत होते. अकरापर्यंत मी बोलत होते, सव्वाअकराला मला बोलता येईना. ‘पुरे’ म्हटलं. नवरा एक शब्द न बोलता उठून गेला. डॉक्टरांना नवालाच निरोप गेलेला, ते वीस मिनिटांत आले.

सुईची भीती होती ती वेगळ्याच कारणाने खरी ठरली. पोटाशी उशी धरून पाठ मांजरीसारखी गोल करायची आणि हलायचं नाही, आणि नेमकी तेव्हाच कळ. डॉक्टर म्हणाले कळ आली की सांग, मी थांबतो. ते खरंच थांबले, दोनदा. सिस्टरने माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलेलं, त्यांच्या ॲप्रनला स्पिरिटचा वास येत होता, तो वास अजून नाकात आहे. पाठीवर गार औषध, मग डंख, मग नुसता दाब. पंधरा-वीस मिनिटांनी उजवी बाजू गप्प झाली आणि डावीकडे कळ तशीच! मी घाबरले, आठातली एक मीच असं वाटलं. त्यांनी नळी जराशी मागे ओढली, मला डाव्या कुशीवर वळवलं, आणखी औषध दिलं, मग डावीकडचंही उतरलं. थरथर खूप झाली, दात वाजत होते, पण दुखत नव्हतं. जोर द्यायला दीड तास लागला. दाब कळत होता. चिमटा नाही, व्हॅक्युम नाही, टाके आहेत.

पुढच्या वेळी काय करीन माहीत नाही. जेलच्या रात्री मला जमलं म्हणून बरं वाटतंय आणि सव्वाअकराला मागितलं म्हणूनही बरं वाटतंय.

तिखटमीठ | दुपारी १:२२

वीस मिनिटांत आले हे वाचून मला रडू आलं. खूप खूप अभिनंदन.

भूलवाली_डॉक्टर | दुपारी २:१०

अभिनंदन! एका बाजूला राहून जाणं बऱ्याचदा होतं, लगेच सांगितलंस म्हणून सुधारता आलं.

ओली_वाळू | दुपारी २:३०

लेक आली! नाव काय ठरतंय? लेखी घेतलंस ना?

निवृत्त_सिस्टर | दुपारी ३:०५

सुखी राहा पोरी, लेकीला माझे आशीर्वाद. नळी काढल्यावर लघवी आपणहून झाली का ते आधी सांग.

सायलीची_वेल | दुपारी ३:४०

झाली आजी. काल सकाळपासून व्यवस्थित.